तुम्ही विचारलंत म्हणून: मृतांचा आकडा का बदलतो?

"काल २८८ होते, आज २७५. तेरा जण जिवंत झाले का?" रेल्वे अपघाताची बातमी आली की आम्हा बातमीदारांकडे हा प्रश्न येतोच, आणि त्यामागोमाग "काय लपवताय?"

लपवत नाही. मोजणी एका जागी होत नाही, एवढंच.

२ जून २०२३ चा ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनजवळचा अपघात घ्या. मृतदेह आधी जवळच्या शाळेत ठेवले, मग बालासोरला हलवले, तिथून भुवनेश्वरला. घटनास्थळी मोजलेला देह रुग्णालयात पुन्हा मोजला गेला. ४ जूनला ओडिशा सरकारने पडताळणी करून २७५ सांगितले. ६ जूनला पुन्हा २८८. त्यानंतर जखमींपैकी काही दगावले, आकडा २९० च्या वर गेला. यातला कुठला खोटा होता? त्या-त्या वेळी हाती असलेल्या यादीप्रमाणे प्रत्येक बरोबर. चूक आमची इतकीच की मथळ्यात नुसता आकडा टाकला. कुणी सांगितला आणि किती वाजेपर्यंतचा, हे गाळलं. जखमींचा रेल्वेचा आणि रुग्णालयाचा आकडा एकत्र करून बेरीज मांडणं तर गुन्हाच, कारण तेच जखमी दोन्ही याद्यांत असतात.

त्या रात्री क्रमही उलटा छापला गेला: आधी हावड्याची गाडी घसरली, मग चेन्नईला निघालेली कोरोमंडल एक्सप्रेस तिच्यावर आदळली. प्रत्यक्षात कोरोमंडलला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, पण सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग) लूप लाइनकडे, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळाकडे लागलेला. लूपवर उभ्या लोहखनिजाच्या मालगाडीवर ती आदळली, तिचे डबे शेजारच्या रुळावर पडले आणि तिथून जाणाऱ्या बेंगळुरू-हावडा गाडीच्या शेवटच्या डब्यांना लागले. 'तीन गाड्यांची समोरासमोर टक्कर' कुठून आली, देव जाणे. 'चालकाची चूक' हेही त्याच रात्री लिहून मोकळे झालेले लोक पाहिलेत. दोष पुढे निघाला तो सिग्नलच्या वायरिंगमध्ये. तो शोधणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वेच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, आणि त्यांचा अहवाल एका रात्रीत होत नाही.

आणि 'बोगी'! बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. एका डब्याला दोन. 'दहा बोग्या घसरल्या' म्हणजे डबे दहा की पाच? मीही वर्षानुवर्षं तेच लिहिलंय, त्यामुळे फार आवाज चढवत नाही.

पूर्वी माझं म्हणणं होतं, खात्री होईपर्यंत आकडाच देऊ नये. पण ज्याचं माणूस त्या गाडीत आहे, त्याने तोवर काय करायचं? त्याला तसाही आकडा नको असतो. त्याला गाडी क्रमांक हवा (१२८४१ चेन्नईकडे जाणारी, १२८४२ परतीची, एक अंक चुकला की दुसऱ्याच घरात रडारड), हेल्पलाइन हवी, आणि कुठले डबे घसरले ते हवं. तिकिटावर एस-४ असतं. रेल्वेचं निवेदन म्हणतं 'इंजिनापासून सहावा'. तो सहावा म्हणजे कुठला, हे डब्यांच्या क्रमाचा तक्ता मागवून आधी जुळवावं लागतं. यात वीस मिनिटं जातात, आणि त्या वीस मिनिटांत फोन वाजतच असतो.