राजहंसगडावरचं सोनं आणि मोज्यातली कुसळं

माझा मावसभाऊ पुण्यात असतो. दिवाळीच्या आधी आठवडाभर सुट्टी काढून बेळगावला आला, तोच मोबाइलवर कुठल्या तरी थंड देशातले लालभडक डोंगर दाखवत. "दादा, आपल्याकडे असं कुठं मिळेल?" मी फुशारकीनं म्हटलं, चल, जांबोटीला. खानापूर तालुक्याचं जंगल डोक्यात होतं आणि कॅमेरा बॅगेत.

शनिवार असा वाया गेला. जांबोटी, पुढं कणकुंबी, मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ, सगळं बघून झालं आणि रंग एकच: हिरवा. पाऊस पिऊन तट्ट फुगलेला, काळपट हिरवा. आता लिहिताना माझंच मला हसू येतं, कारण यात आश्चर्य काहीच नव्हतं. घाटमाथ्याचं हे जंगल सदाहरित, सगळी पानं एकदम टाकायची पद्धतच तिथं नाही. पूर्वेला खानापूर-कित्तूरच्या अंगाला पाऊस कमी होत जातो तशी सागासारखी पानगळीची झाडं लागतात, पण तीही ऑक्टोबरात नव्हे, उन्हाळा तोंडावर आल्यावर उघडी पडतात. त्या दिवसाची कमाई म्हणजे रस्त्यावरचे खड्डे आणि एक बरा चहा.

परतताना मावसभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अरे, पण हे गवत बघ की." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडचा शरद झाडावर नसतो, पायाखाली असतो.

म्हणून रविवारी पहाटे राजहंसगड. बेळगावहून वडगाव-येळ्ळूर मार्गे पंधराएक किलोमीटर. गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते, त्यामुळं गड चढण्याचं पुण्य लागत नाही. बसनं जाणाऱ्यांना येळ्ळूरपर्यंत सिटी बस आहे, पण सूर्योदय हवा असेल तर स्वतःची दुचाकी बरी. ऑक्टोबरअखेरीला इथं सूर्य साधारण 6.25 ला उगवतो आणि 6.05 च्या सुमाराला मावळतो. पावणेसहाला तटावर असायला हवं. आम्ही सव्वासहाला पोचलो, कारण येळ्ळूरच्या वेशीत म्हशींचा कळप आडवा आला आणि त्यांना घाई नव्हती.

आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे, आणि 2023 साली बसवलेला शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. लोक पुतळ्यासमोर सेल्फी काढून परत फिरतात. तुम्ही मात्र उत्तरेच्या तटावर जा. खाली येळ्ळूरचं शिवार, मागं बेळगाव शहर. सूर्य उजव्या हाताला, थोडा दक्षिणेकडं सरकून उगवतो, त्यामुळं भाताच्या खाचरांवर उजेड आडवा पडतो आणि प्रत्येक बांध उठून दिसतो. एकसारखा पिवळा नसतो हा. बासमती अजून हिरवट सोनेरी, लवकर आलेलं भात पिवळंधमक, कापून पेंढ्या घातलेली खाचरं फिकट, आणि मधूनच काळ्या मातीचा एखादा तुकडा. पश्चिमेकडं बघितलं तर गडाचीच सावली शेतांवर पसरलेली, आणि दर पाच मिनिटांनी ती आखडत येते. ते बघत बसण्यात मी शटर दाबायचंच विसरलो.

कॅमेऱ्याबद्दल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणं रंग जुळवायची सोय, ऑटोवर ठेवू नका. माझे पहिले चाळीस फोटो त्यापायी बिघडले. कॅमेऱ्याला वाटतं हा पिवळा रंग म्हणजे चूक आहे, आणि तो इमानेइतबारे ती दुरुस्त करतो; सोन्याचं पितळ होतं. डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर नंतरही सावरता येतं. उजेड अर्धा स्टॉप (उजेड मोजायचं माप) कमी घ्या, पिवळ्यात फोटोतला लाल रंगाचा भाग जास्त उजेडानं लवकर फुटतो आणि मग गवताच्या काड्या दिसत नाहीत, नुसता डाग दिसतो. वाइड लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) चढवला तर आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट येतं, ते टाळा. खरं तर इथं वाइडपेक्षा लांबचं जवळ आणणारी 70-200 ची झूम लेन्स जास्त कामाला आली. मोबाइलवाल्यांनीही दोनपट झूम करून बघावं. आकाश कापलं की शेत बोलायला लागतं.

गवताचे फोटो मात्र सूर्याकडं तोंड करून काढा. उतारावर कुसळी गवत माजलेलं असतं, जांभ्याच्या लाल खडकावर तर ते तांबूस होतं. मागून ऊन आलं की प्रत्येक तुऱ्याला कड लागते. हे गवत बी धरलं की वाळतं, हिरवा रंग विरतो आणि आतला पिवळा वर येतो, म्हणजे तिकडच्या पिवळ्या पानांचीच गोष्ट, फक्त गुडघ्याएवढ्या उंचीवर.

आणि कुसळं. याची ताकीद आधी कुणी दिली असती तर! अर्ध्या तासात मोजे, पँटीची शिवण, कॅमेऱ्याचा पट्टा, सगळीकडं टोचायला लागली. एक उपटून मी ओल्या तळहातावर ठेवलं, तर त्याची पीळ पडलेली शेपटी हळूहळू उलटी फिरायला लागली. दमट हवेत पीळ सुटतो, कोरड्यात परत बसतो, आणि असं फिरत फिरत टोकदार बी मातीत शिरतं. माझ्या मोज्यातही ते तेच करत होतं. जाड पँट, घोट्यावरचे बूट, आणि मोजे शक्यतो नायलॉनचे. लोकरीचे तर बिलकूल नकोत.

उतरताना बांधावर एक आज्जी विळा घेऊन उभ्या होत्या. परतीच्या पावसानं त्यांचं अर्धं भात आडवं झालेलं. म्हणाल्या, "त्या गवताचा फोटो काय काढतायसा? माझं भात पडलंय, त्याचा काढा की, साहेबास्नी दावाय." काढला. मावसभावानं त्यांच्या नातवाच्या नंबरवर तिथूनच पाठवला. आदल्या दिवशीपासूनच्या सगळ्या फोटोंत उपयोगी पडला असेल तर तोच. शेतात उतरायचं असेल तर आधी विचारा, बांधावरूनच चाला, कापलेल्या पेंढ्यांवर ट्रायपॉड टेकवू नका.

कधी जायचं, तर दसरा ते कार्तिक पौर्णिमा. त्यानंतर सुगी संपते, खाचरं मोकळी होतात, आणि पुढं कुणी वणवा लावला तर उतार काळा. ज्यांना लालच हवं त्यांनी फेब्रुवारी-मार्चात खानापूरच्या जंगलाकडं जावं: कुसुंबाची कोवळी पालवी तेव्हा लालबुंद असते, पळस आणि काटेसावरही फुललेले. फक्त भीमगड अभयारण्य 2011 पासून संरक्षित आहे, आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते. फोटोसाठी रस्ता सोडून आत घुसू नका.

मावसभाऊ सोमवारी पुण्याला गेला. बुधवारी फोन आला: ऑफिसात बसल्या बसल्या सॉक्समधून अजून एक निघालं म्हणे.