आज लेओव्हिल बार्टन 2019 उघडली

शनिवार, रात्र

फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातली इतकी तरुण रेड वाइन प्यायची नसते, तपासायची असते, हे मनाशी धरूनच कॉर्क काढलं. आज चांगली लागते का, हा प्रश्न दुय्यम. टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारा घटक, निवळेपर्यंत आतली फळाची चव टिकेल का, एवढंच बघायचं होतं.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. मधोमध जवळजवळ काळपट, कडेला जांभळट झाक. वय वाढेल तशी ही झाक जाते आणि कड विटकरी होत जाते. इथे त्याची चाहूलही नाही.

पहिल्या वासात नव्या पिंपाचं ओक लाकूड पुढे, बाकी सगळं दडलेलं. हवा लागावी म्हणून डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या भांड्यात, ओतून ठेवली. तासादोन तासांनी ब्लॅककरंट वर आलं, मग देवदाराचं लाकूड, आणि शेवटी नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखा तो कोरडा वास. ही वाइन ज्या गावची, त्या सँ-ज्युलिएँच्या वाइनवर माझा जीव आहे तो याच वासासाठी.

खरी परीक्षा तोंडात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून हिरड्या आवळल्यासारख्या होतात आणि जीभ कोरडी पडते. कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षाच्या तरुण वाइनमध्ये हे व्हायचंच. पण तुरटपणा किती, यापेक्षा त्याचं पोत कसं आहे ते मी बघतो. खरखरीत टॅनिन एका जागी टोचतं आणि बरीच वर्षं ठेवलं तरी पुरतं सुधारत नाही. इथलं बारीक आहे, सगळ्या तोंडभर सारखं पसरतं. घोट मध्यावर येतो तेव्हा पोकळी जाणवत नाही, फळ भरून राहतं, आणि आंबटपणा त्याला खाली बसू देत नाही. 2019 चा उन्हाळा तिकडे कडक आणि कोरडा होता, जून-जुलैत उष्णतेच्या लाटा आल्या होत्या. त्यामुळे मुरांब्याकडे झुकलेलं, शिजल्यासारखं फळ मिळेल अशी धास्ती होती. तसं काहीच नाही. गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळली, आणि तीही फळाची, लाकडाची नव्हे.

लेओव्हिल ही एकेकाळी मेदोकमधली, म्हणजे बोर्दोच्याच एका भागातली, प्रचंड मोठी अशी एकच इस्टेट होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे पडत गेले आणि लास काझ, प्वाफेरे, बार्टन असे तीन भाग झाले. बोर्दोच्या वाइनच्या 1855 च्या अधिकृत वर्गवारीत तिन्ही दुसऱ्या श्रेणीत. मूळच्या आयरिश बार्टन घराण्याने आपला भाग 1826 मध्ये घेतला, आणि तो अजून त्यांच्याचकडे आहे. मोठं नाव, पण स्वतःचा शॅतो, म्हणजे इस्टेटीवरचा वाडा, नाही. वाइन पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच शेजारच्या लँगोआ बार्टन या इस्टेटीच्या तळघरात झाली. अनेक वर्षं ही इस्टेट चालवणारे अँथनी बार्टन 2022 मध्ये गेले. ही कापणी त्यांच्या हयातीतली. ताठ, सरळ, भपका नसलेली वाइन ही या घराची ओळख, आणि आजच्या ग्लासात ती शाबूत आहे याचं मला फार बरं वाटलं.

या वाइनचे पिंपातले नमुने 2020 च्या वसंतात चाखले जायचे होते, पण लॉकडाउनमुळे बोर्दोचा तो नेहमीचा सोहळा झालाच नाही आणि समीक्षकांकडे नमुने कुरिअरने गेले. शंभरपैकी गुण तरीही पडलेच. कापणीनंतर काही महिन्यांतच, पिंपात अजून घडत असलेल्या वाइनला एक आकडा चिकटवणं मला पटत नाही. मी वहीत गुण लिहीत नाही, बाटली कधी उघडावी ते वर्ष लिहितो.

रविवार, दुपार

उरलेली आज चाखली. रात्रभर हवा लागूनही फळ ढळलेलं नाही, टॅनिन मात्र किंचित सैल झालंय. हेच बघायचं होतं. वहीत लिहिलं: 2032 च्या आधी नाही. ज्यांना थांबवत नसेल त्यांनी सकाळीच डिकँटरमध्ये काढावी आणि संध्याकाळी कोकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर घ्यावी. शेजारच्या पॉयाक गावचं कोकरू त्यासाठी प्रसिद्धच आहे. टॅनिनला धरायला मांसातली प्रथिनं मिळाली की जीभ सुटते आणि फळ आत्तासुद्धा मोकळं लागतं.