समुद्राकडे पाठ करून: कुडाळ ते सावंतवाडी

मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले करून परतणाऱ्या पिशव्यांत साधारण एकच माल असतो: काजू, कोकम आगळ, खाजं आणि शिंपल्यावर गावाचं नाव रंगवलेलं किचेन. खाऊबद्दल तक्रार नाही. शिंपले मात्र कुठल्याही किनाऱ्यावर तसेच मिळतात. तळकोकणाची हातची, जगावेगळी कला बघायची आणि अंगावर वागवायची असेल तर समुद्राकडे पाठ करून आत वळावं. कुडाळ आणि सावंतवाडी यांच्यामध्ये जेमतेम वीसेक किलोमीटर अंतर आहे. त्या पट्ट्यात तेच दशावतार पत्त्यांवर, रात्रीच्या रंगमंचावर आणि देवळांच्या जत्रांत भेटतात. पांगाऱ्याचं तेच हलकं लाकूड खोटं सीताफळही होतं आणि कळसूत्री बाहुलीही.

मुंबईकडून गाडीने येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महामार्ग आता सावंतवाडी शहरातून जात नाही. झारापला तो सोडला नाही तर बघता बघता इन्सुली येतं आणि मग उलटं फिरावं लागतं. रेल्वेने आलात तर सावंतवाडी रोड स्थानक गावापासून बरंच लांब आहे, रिक्षा धरूनच चाला.

सुरुवात राजवाड्यापासून, मोती तलावाच्या काठी. इथे गंजिफाचे पत्ते हाताने रंगवले जातात आणि रंगवताना बघता येतात. गोल पत्त्यांचा हा खेळ मुघलांबरोबर आला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल जोडात 8 रंगांचे 96 पत्ते असतात. आपल्याकडे त्याला अवतार मिळाले: 10 रंग, प्रत्येकाचे 12 पत्ते, एकूण 120. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात कुऱ्हाडी. एक्क्यापासून दश्शीपर्यंत त्या खुणा मोजायच्या आणि वर राजा व प्रधान. सावंतवाडीत ही कला विझत आली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्यांना हाताशी धरून राजवाड्यातच ती पुन्हा उभी केली.

खेळ शिकायचा असेल तर तिघे लागतात, प्रत्येकी 40 पानं. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा. नवशिक्याची गडबड होते ती आकड्यांच्या किमतीत. राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत वरच राहतात, पण अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. कुठले रंग कुठल्या बाजूचे हे एका कागदावर लिहून समोर ठेवा, पहिले चार-पाच डाव तरी.

जोड विकत घेताना घाई करू नका. पत्ते रंगांप्रमाणे वेगळे करून प्रत्येक ढिगात बारा आहेत का ते मोजा. मग सगळे उलटे पालथे घाला. मागची बाजू एकाच रंगाची, डाग किंवा ओघळ नसलेली हवी, नाहीतर पाठीवरून पत्ता ओळखू येतो आणि खेळच संपतो. हातचं काम आहे की छापील, हे फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं की कळतं. छपाईत रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसतो. हातच्या कामात कुंचल्याचा फटकारा सुरू कुठे झाला आणि सुटला कुठे ते दिसतं, आणि एकाच पानावरचे आठ मासे आठ तऱ्हेचे असतात. जुन्या पद्धतीत कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, वाळवून, त्यावर खडूचा लेप देत, घोटून पाया तयार करायचे. मग रंग आणि वर लाख. आता पुष्कळदा तयार पुठ्ठा आणि बाजारातले रंग वापरतात. त्यात फसवणूक काही नाही, पण किंमत ठरवताना विचारावं, आणि विचारलं की चितारी सरळ सांगतात.

आता पत्ता अंगावर घालण्याबद्दल. गंजिफाचा एक सुटा पत्ता, लॉकेट किंवा ब्रोच म्हणून, कोऱ्या सुती साडीवर किंवा साध्या कुडत्यावर जितका खुलतो तितकं सोन्याचं पदक खुलत नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र जोड फोडून पत्ता घेऊ नका, सुटा मागून रंगवून घ्या. त्याला भोक तर अजिबात पाडू नका: थरांचा पत्ता भोकाच्या कडेने सुटायला लागतो आणि पहिल्या पावसात तिथून फुगतो. सोनाराकडून किंवा घड्याळजीकडून पातळ पितळी कडं करून घ्या, पत्ता त्यात बसवा, मागे पितळेचीच चकती लावा. कड्याची आतली बाजू पत्त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी ठेवायला सांगा, कारण दमट हवेत पत्ता किंचित वाढतो आणि घट्ट कड्यात मधोमध पोक काढतो.

लाखेचे शत्रू दोन, स्पिरिट आणि ऊन. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून अत्तर-सेंट आधी मारावा, तो पूर्ण उडू द्यावा आणि मग लॉकेट घालावं. सॅनिटायझरच्या ओल्या हाताने पत्त्याला हात लावला की बोटाचा ठसा कायमचा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या, लाख लावलेल्या डबीचं झाकण मऊ पडलेल्या लाखेने चिकटून बसतं. ओढून काढलं तर रंगासकट निघतं. तसं झालंच तर डबी सावलीत पूर्ण गार होऊ द्या आणि मग झाकण हलकेच पिळून सोडवा.

पावसाळ्यात लाखेचं काम सांगूच नये. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं, ते लाखेत अडकतं आणि चकचकीत काळ्या-लाल रंगावर पांढुरकी साय दिसते. बहुतेक वेळा चितारी कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा फिरवून ती घालवतात. घरी प्रयोग नको. ऑर्डर द्यायला दिवाळी ते होळी हा काळ चांगला.

राजवाड्यापासून चितार आळी चालत जाण्याइतकी जवळ आहे. लाकडी फळं आणि भाज्या हा इथला नावाजलेला माल. सोललेलं केळं, फोड काढलेलं कलिंगड, करवंदाएवढी मिरची. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ, कोरायला सोपं, पण त्याच मऊपणामुळे त्याला कीड लवकर लागते. घेताना फळ पांढऱ्या कागदावर आपटून बघा. पिठासारखी भुकटी पडली तर आत किडा आहे. घरी आणल्यावर भुकटी दिसली तर वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, कारण गार लाकडावर घाम धरला की रंग सुटतो. तोंडात घालणाऱ्या बाळासाठी घेत असाल तर ऑइल पेंटची फळं टाळा आणि कातावर, म्हणजे लेथवर, चढवलेल्या लाखेचं खेळणं मागा. त्यात लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते, वर रंगाचा डबा लागत नाही.

पिंगुळी कुडाळपासून तीन-चार किलोमीटरवर. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला), कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या कुटुंबाने उभारलेलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय गुढीपूरला आहे. जाण्याआधी फोन करून खेळ ठरवा. नुसत्या भिंतीवरच्या बाहुल्या बघून परत फिरणं म्हणजे तबला बघून येणं.

चित्रकथीबद्दल एक गोष्ट फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. ही सुटी चित्रं नाहीत. एका आख्यानाची चित्रं क्रमाने लावलेली असतात, तिला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, म्हणजे सांगणारा एक बाजू दाखवून कथा म्हणतो आणि पान उलटलं की पुढचा प्रसंग. त्यामुळे ‘छान दिसतंय’ म्हणून उचललेलं एक पान घरच्या भिंतीवर मुकं होतं. घेताना प्रसंग विचारा, आणि कलाकाराकडून मागच्या बाजूला चार गोष्टी लिहून घ्या: आख्यान, पानाचा क्रम, तारीख, सही.

कापडावर चित्रकथी रंगवून घ्यायची असेल, दुपट्टा म्हणा वा झोळी, तर कापड आधी कोमट पाण्यात धुऊन खळ काढून न्या. खळीवर रंग नुसता बसतो, आत जात नाही, आणि तिसऱ्या धुण्याला त्या मोठाल्या डोळ्यांच्या कडा सोलवटतात. फार विरळ खादी नको, तिच्यात बारीक रेघ पसरते. फॅब्रिक कलर असेल तर तीन दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, पहिला महिना गार पाणी, पिळणं बंद.

चामड्याची बाहुली गुंडाळू नका, प्लास्टिकमध्ये घालू नका; दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा. आणि जुनी हरणाच्या कातड्याची बाहुली कुणी विकायला काढलीच तर हात लावू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यवहार गुन्हा आहे. नवीन बाहुल्या बकऱ्याच्या कातड्याच्या असतात.

उरला दशावतार, मालवणीत धयकालो. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत तो रात्री उशिरा सुरू होतो, तिकीट नसतं. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. वेशभूषेत रस असणाऱ्याने खेळाच्या तासभर आधी पोचावं. नट आपली रंगरंगोटी स्वतः करतात, आणि पुरुष नट लुगडं नेसून, अंबाडा घालून, पदर सावरून स्त्रीपार्टी कसा उभा करतो ते जवळून बघण्यासारखं शिक्षण दुसरं नाही. मुकुट, भुजकीर्ती, कंबरपट्टा सगळं भडक असतं, ते अंधाऱ्या अंगणात मागच्या रांगेला दिसावं म्हणून. फोटोसाठी आधी विचारा. पेटाऱ्यावर मात्र चुकूनही बसू नका, त्यात मुखवटे असतात आणि त्याची पूजा होते. बसायला चटई, अंगावर घ्यायला शाल न्या, डिसेंबरात देवळाच्या अंगणात पहाटे दव पडतं. खेळ दहीहंडी फुटेपर्यंत चालतो, आणि परतीची पहिली एसटी किती वाजता हे आदल्या संध्याकाळीच गावात विचारून ठेवलेलं बरं.