पंचवीस फुटांचे गणित : बर्कनहेडची यू-५३४

२०१९ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या पिअर हेडवरून फेरीबोटीने मर्सी नदी ओलांडून मी पलीकडच्या बर्कनहेडमधील वुडसाइड धक्क्यावर उतरलो, ते केवळ यू-५३४ ही दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडी पाहण्यासाठी. १९९३ मध्ये समुद्रतळावरून वर काढलेली ही पाणबुडी २००८ मध्ये कापण्यात आली. कापलेल्या तोंडांवर काच बसवलेली असल्यामुळे आतली यंत्रे आणि गंजलेल्या नळ्या समोरच दिसत होत्या.

सर्वाधिक वेळ मी रेंगाळलो तो तिच्या पोलादी कवचापाशी. हे कवच फोडायचे तर स्फोट अगदी लगत व्हावा लागे. विमानातून टाकलेल्या २५० पौंडी डेप्थ चार्जचा, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा, घातक पल्ला जेमतेम वीस फुटांचा होता. त्यामुळे स्फोट नेमका कुठे व्हावा हे ठरवणाऱ्या फ्यूजवर सारे अवलंबून होते.

युद्धाच्या आरंभी ब्रिटिश विमानांकडे आघाताने फुटणारे १०० पौंडी बॉम्ब होते. १४ सप्टेंबर १९३९ रोजी यू-३० वर हल्ला करणारी दोन स्कुआ विमाने स्वतःच्याच बॉम्बच्या स्फोटाने कोसळली, आणि पाणबुडी मात्र वाचली. डिसेंबरमध्ये असाच एक बॉम्ब चुकून ‘स्नॅपर’ या ब्रिटिश पाणबुडीवरच पडला, तेव्हा आतले काही दिवे फुटण्यापलीकडे फारसे काही झाले नाही.

त्यानंतर आलेल्या डेप्थ चार्जमध्ये ठरावीक खोलीवर पाण्याच्या दाबाने स्ट्रायकर, म्हणजे स्फोट घडवणारा खटका, सुटे. ती खोली शंभर फूट किंवा त्याहून अधिक ठेवण्यात आली होती. भौतिकशास्त्रज्ञ इव्हान जेम्स विल्यम्स यांनी कोस्टल कमांड या समुद्रावर गस्त घालणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या विभागाच्या नोंदी तपासून दाखवले की, तेवढ्या खोलीवर पोहोचलेली पाणबुडी कोठे आहे हे वैमानिकाला कळतच नाही. जी दिसते ती पृष्ठभागावर किंवा नुकतीच बुडी मारलेली असते, आणि तिच्या कितीतरी खाली होणारा स्फोट वाया जातो. ही खोली टप्प्याटप्प्याने २५ फुटांवर आणल्यावर मारा इतका प्रभावी झाला, की पकडलेल्या जर्मन खलाशांना ब्रिटिशांनी नवे, अधिक शक्तिशाली स्फोटक आणले असावे असे वाटले. टॉरपेक्स हे जोरदार स्फोटक खरोखरच आले होते. तरीही कागद-पेन्सिलीच्या या हिशेबाचे मोल मला अधिक वाटते.

५ मे १९४५ रोजी डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील कॅटेगॅट समुद्रात लिबरेटर या बॉम्बफेकी विमानाचे डेप्थ चार्ज यू-५३४ च्या मागच्या भागालगत फुटले, तेव्हा ती पृष्ठभागावरच होती. ५२ पैकी ४९ जण वाचले. त्या मागच्या तुकड्यासमोर मी परतीच्या फेरीची वेळ होईपर्यंत उभा होतो.