सिस्टर, नाचून कुठं रोग जातो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला नवा नाही. गणपतीला गावी आलेला चाकरमानी विचारतो, केंद्रात नव्यानं रुजू झालेला डॉक्टर विचारतो, आणि आता निवृत्तीनंतर शेजारीणही विचारते. मी महाड-पोलादपूरच्या बाजूला आरोग्यसेविका होते आणि उपकेंद्राच्या कामात जाखडीच्या, म्हणजे कोकणातल्या नाच-गाण्याच्या मंडळांना ओढलं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

नाही जात. लेप्टोच्या तापाला (लेप्टोस्पायरोसिसला) डॉक्सीसायक्लिनची गोळी लागते, घोणस चावली तर प्रतिविष लागतं, आणि ढोलकीतून यातलं काहीच निघत नाही. पण औषध केंद्राच्या कपाटात असून माणूस घरी दगावलेला मी पाहिलाय. रस्ता होता, गाडीही मिळाली असती. घरातल्यांनी आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं, आणि तो जे म्हणाला ते ऐकलं. मी जाखडीकडे वळले ती त्यामुळे.

ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. मध्ये शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले. भोवती एका पायात चाळ बांधून गोल धरलेले नाचे. खरी रंगत सामन्याला. एक बाजू शक्तीवाल्यांची, म्हणजे कलगीची, दुसरी तुरेवाल्यांची. गण झाला, गवळण झाली की सवाल-जवाब. शक्ती मोठी की शिव मोठा, इथून सुरू होऊन पुराणातल्या कुठल्या कुठल्या अडचणीच्या गोष्टी निघतात. जवाब आला नाही तर त्या शाहिराला गाव वर्षभर चिडवतं. म्हणून जवाबाकडे लोकांचे कान लागलेले असतात. आमच्या सभेत तसे कधीच लागले नाहीत.

आता विंचवाचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त त्यानंच शिकवलं. आमच्याकडचा लाल विंचू मुलांचा जीव घेतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस रुग्ण हातचे जायचे. त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून पाहिली, १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि हळूहळू ते प्रमाण एक-दोनावर आलं. गोळी स्वस्त, तोंडानं घ्यायची. अट एकच, वेळेत यायचं.

आणि इथेच घोळ होता. विंचू चावल्यावर नुसता ठणका लागला, माणूस ओरडून घर डोक्यावर घेतोय, तर तो बहुतेक वेळा बरा होतो. ज्याला ठणका कमी पण घामानं अंग चिंब, उलट्या, हातपाय गार, त्याच्या हृदयावर आलेलं असतं. घरच्यांना दिसतं ते उलटं. ओरडणाऱ्याला सगळे धरून बसतात आणि गप्प पडलेल्या पोराला ‘याला फार नाही लागलं’ म्हणतात. मांत्रिकाचं दुकान याच गोंधळावर चालतं. ठणका काही तासांनी आपसूक उतरतो, श्रेय मंत्राला. ज्याचा उतरत नाही, त्याचं नशीब खोटं.

हे सगळं मी एका म्हाताऱ्या बुवांना त्यांच्या ओटीवर बसून सांगितलं. तुरेवाले शाहीर, आवाज अजून खणखणीत. मला वाटलं, ते चार ओळींचं ‘दवाखान्यात चला’ करून देतील. ते म्हणाले, “सिस्टर, विंचू आमच्या नाथबाबांचा हाय. त्याला असा रिकाम्या हातानं कसा आणू?” एकनाथांच्या भारुडात कामक्रोधाचा विंचू चावतो आणि अंगाला घाम सुटतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. उतारा सत्त्वगुणाचा. बुवांनी तो घाम उचलला. आतल्या विंचवाचा उतारा नाथांनी सांगितला; अंगणातल्या विंचवाचा उतारा कोण सांगणार, असा रोख धरून त्यांनी सवाल बांधला आणि चक्क समोरच्या पार्टीच्या शाहिरालाही आधी कळवून ठेवला. (असं करणं नियमात बसत नाही. तरी केलं.) शक्तीवाल्यांनी टाकायचा:

ठणका थोडा, घाम फार,
सांग तुरेवाल्या काय प्रकार?

आणि बुवांचा जवाब:

गार पडले हात नि पाय,
दवाखान्याबिगर उपाय नाय!

कविता म्हणून यात काही नाही, मला मान्य आहे. पण ‘ठणका थोडा, घाम फार’ ही ओळ पोरं गुरं राखताना म्हणायला लागली. पूर्वी रात्री उपकेंद्राचं दार वाजवणारा माणूस ‘विंचू चावला’ एवढंच म्हणायचा. नंतर नंतर ‘सिस्टर, घाम सुटलाय’ असं म्हणून दार वाजवू लागला. नोंदवहीत याला रकाना नव्हता.

मी हेच वाक्य आधी कितीतरी वेळा सांगितलं होतं, भिंतीवर चिकटवलं होतं. पण मी सांगणार म्हणजे सरकार सांगणार. बुवा हरण्याची जोखीम घेऊन सांगतात, आणि त्यांच्यासमोर मांत्रिकाचा भाऊ नाचत असतो. त्यालाही चाळ बांधून त्याच ओळीवर पाऊल टाकावं लागतं! शिवाय कुणाचं नाव घेऊन चूक काढलेली नसते. सवाल शाहिराला असतो, त्यामुळे समोर बसलेल्याला लाज न वाटता उत्तर घरी नेता येतं.

याउलट ठेक्यानं येणारी पथनाट्यं. मार्च संपायला आला की एक गाडी यायची, पाच जण एकसारखे टी-शर्ट घालून उतरायचे, पंधरा मिनिटांत लेप्टो, डेंग्यू, क्षयरोग, हात धुणं, सगळं उरकायचे. मग जीपीएसचा फोटो, सरपंचाचा सही-शिक्का, गाडी पुढच्या गावाला. लेप्टो येतो तो लावणीच्या चिखलात, पायाला चिरा पडलेल्या असताना, उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यातून. मार्चमध्ये शेतात ढेकळं असतात. कोण लक्षात ठेवणार? जाखडी गणपतीत नाचते, पावसाळा चालू असताना. नंतर भातकापणी, आणि कापणीत पुन्हा विंचू. कलावंतांचं पंचांग आणि रोगाचं पंचांग इथे आयतं जुळलेलं आहे, खात्याचं तेवढं वेगळं. भाषणात गाडगेबाबांचं नाव घ्यायला मात्र कुणी विसरत नाही. बाबा दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याकडून वदवून घ्यायचे. पुढे कधी शिक्का घ्यायला थांबले नाहीत.

दारूवर गाणं मात्र मी करू देत नाही. मंडळं मागतात, कारण दारुड्याचं सोंग हमखास हशा मिळवतं. पण त्या हशात त्याची बायको पुढच्या रांगेत बसलेली असते. तिला हसताही येत नाही, उठून जाताही येत नाही.

नव्या डॉक्टरांनी एकदा मला मोबाइलवर दाखवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या ३,०००हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतलाय. बरं वाटलं. पण त्यात मला जास्त पटलं ते रोग टाळण्यापेक्षा दुसरंच, म्हणजे जे गातात-नाचतात त्यांच्या स्वतःच्या तब्येतीचं. आमच्या वाड्यांमधली तरुण माणसं मुंबई-सुरतेला. मागे राहतात ती सत्तरीची जोडपी, किंवा जोडप्यातलं एक. श्रावणात तालमी सुरू झाल्या की संध्याकाळी गुडघे धरत का होईना, ही माणसं देवळात येतात. कोण आलं नाही ते लगेच कळतं, मग कुणीतरी टॉर्च घेऊन बघायला जातं. गावातल्या आशा सेविकांना गृहभेटीत जे महिनाभर समजत नाही ते त्या तालमीत एका रात्रीत समजतं. झांज वाजवणाऱ्या एका आजोबांचा हात थरथरतो म्हणून त्यांना कुणी बसवलं नाही, ते ठेक्यात आले की वाजवतातच. माझ्या मते खरा फायदा हा, आणि विंचवाचा त्यावरचा वरकड. खात्याला तो विकता येत नाही, म्हणून मीही अहवालात विंचवाचंच लिहायचे.

अलीकडे बायकांचीही मंडळं उभी राहिलीत. त्यांच्या शाहिरीणबाईंनी यंदा माझ्याकडे सवाल मागितला, बीपीच्या गोळीवर. “काहीच दुखत नसताना गोळी का खायची, याचा जवाब द्या,” म्हणाल्या. मी रक्तवाहिन्या, झटका, लकवा, सगळं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. हे समोरची पार्टी एका कडव्यात उडवून लावेल, दुसरं काहीतरी आणा, असं म्हणून परत पाठवलंय.