सुईणीचं पुढे काय झालं

परवा दुपारी जेवणं आवरून जरा आडवी होते तोच भाच्याचा मेसेज. "मावशी, लॉस्ट संपवली. म्हणजे विमान पडलं तेव्हाच सगळे मेले होते ना?? सहा सीझन फुकट??" आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. झोप गेलीच. विमान पडून एका गूढ बेटावर अडकलेल्या लोकांची ही अमेरिकन मालिका २००४ साली सुरू झाली तेव्हा हा जन्मालाही आला नव्हता, आणि आम्ही हॉस्टेलवर एकीच्या हार्ड डिस्कवरनं दुसरीच्या असं करत करत ती बघितलेली, मधले भाग गायब, सबटायटल दोन सेकंद मागे, तरी परीक्षेच्या आदल्या रात्री आमचं चाललेलं की मालिकेत सारखे येणारे आकडे ४, ८, १५, १६, २३, ४२ ह्यांची बेरीज १०८ येते आणि बेटावरच्या भुयारातलं ते बटणही दर १०८ मिनिटांनीच दाबायचं, म्हणजे नक्की काहीतरी आहे.

तर नाही रे बाबा, नाही मेले. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता तोंडपाठ आहे. शेवटच्या भागात चर्चमध्ये नायक जॅकचे वडील त्याला स्वच्छ सांगतात की सगळेच कधी ना कधी मरतात, काही तुझ्याआधी गेले, काही तुझ्यानंतर खूप वर्षांनी. बेट खरं, पडलेलं विमान खरं, मेलेले खरे. ती चर्चची जागा तेवढी मरणानंतरची, सगळ्यांनी पुन्हा भेटायची. पण झालं काय, २३ मे २०१० ला हा भाग लागला तेव्हा शेवटी नावं सरकत असताना चॅनेलनं रिकाम्या किनाऱ्यावरच्या विमानाच्या सांगाड्याची दृश्यं लावली, प्रेक्षकाला रडता रडता एकदम बातम्यांवर आपटायला नको म्हणून. चांगुलपणाच तो. पण लोकांनी त्यातनं भलताच अर्थ काढला आणि तो अजून पुसला जात नाहीये.

भाच्याचं समाधान कुठलं होतंय. मग ध्रुवीय अस्वलं? अरे ती धर्मावाल्यांनी, म्हणजे बेटावर पूर्वी संशोधन करणाऱ्या संस्थेनं, प्रयोगासाठी आणलेली, पिंजरे दाखवलेत की तिसऱ्या सीझनला, आणि डीव्हीडीसोबत बारा मिनिटांचा एक तुकडा दिलाय त्यात अजून सांगितलंय. मग होडीतनं सॉयर आणि बाकीची वाचलेली मंडळी जाताना मागच्या होडीतनं गोळ्या कोण झाडतं? ते नाही सांगितलं. का नाही सांगितलं? आता काय सांगू.

मला एकदम आजीच्या घरचा श्रावणातला शुक्रवार आठवला. भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाड्याची माळ, ताटात गूळफुटाणे, आम्ही सगळी पोरं ओवाळून घ्यायला ओळीनं पाटावर बसलेलो आणि आजी चष्मा नाकावर घेऊन कहाणी वाचतेय. राणीला मूल नसतं, ती सुईणीला पैसे चारते, सुईण ब्राह्मणीचं पोर पळवून राणीला देते आणि ब्राह्मणीपुढे वरवंटा ठेवून सांगते, तुला हाच झाला. ती बिचारी दर शुक्रवारी तांदूळ उडवते, माझं बाळ जिथे असेल तिथे खुशाल असो, आणि ते दाणे तिकडे राजवाड्यात पोराच्या डोक्यावर पडतात. शेवटी मायलेकरांची भेट होते, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. आणि मी दरवर्षी विचारायचे, पण त्या सुईणीचं काय झालं? तिला शिक्षा झाली का नाही? आजी म्हणायची, हात जोड आणि फुटाणे खा.

गंमत अशी की लॉस्टमध्येही शेवटाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, जेव्हा सगळे श्वास रोखून उत्तरांची वाट बघत होते, तेव्हा त्यांनी काय दाखवलं तर हेच. जहाज फुटून एक गरोदर बाई बेटावर येते, तिथे एकटी राहणारी एक बाई तिचं बाळंतपण करते, जुळे मुलगे होतात, आईनं नाव एकच ठरवलेलं असतं, जेकब, दुसऱ्याला नाव मिळतच नाही, अख्ख्या मालिकेत मिळत नाही. आणि ती सुईण दगड उचलून आईला मारून टाकते आणि पोरं स्वतःची म्हणून वाढवते. वरवंटाच म्हणा ना! बरं, ही बाई कोण, बेटावर आली कुठून? तर ती आधीच सांगून टाकते की एका उत्तरातनं नुसता पुढचा प्रश्न निघणार. म्हणजे फुटाणे खा. तेव्हा हॉस्टेलवर ह्या भागाला सगळ्याजणींनी शिव्या घातलेल्या, मला मात्र तो भयंकर आवडला होता, कोणाला बोलले नाही. तसा हा एकच प्रकार नाही त्यात, बेटावरचा बेनही रूसो नावाच्या बाईची तान्ही पोर उचलून आणतो आणि आपली म्हणून वाढवतो, रूसो बिचारी सोळा वर्षं जंगलात एकटी. अस्वलांचा आणि आकड्यांचा हिशोब आम्ही वह्या भरून मांडला, आणि एका बेटावर इतक्या बायकांची पोरं पळवली जातायत ह्याकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं.

भाच्याला हे सगळं टाइप करून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ओके. पण लिबी हर्लीच्या हॉस्पिटलमध्ये काय करत होती?"

हां, ते मात्र सांगायला हवं होतं. दोघंही त्याच विमानातले, आणि विमान पडायच्या आधी वेड्यांच्या इस्पितळात ती हर्लीच्या मागच्याच टेबलावर बसलेली दाखवायची, भागाचा शेवट त्यावर करायचा, लगेच पुढे तिला गोळी घालायची आणि मग चार वर्षं गप्प? त्याला माफी नाही.