अ‍ॅसिडचा दोष की गुडघ्याचा?

बडोद्यात 14 जानेवारीला, पतंगांच्या उत्तरायणाला, लॅबमध्ये कुणाचं लक्ष नसतं, आणि 15ला वासी उत्तरायण म्हणून कुणी येतच नाही. मीही घाईत निघाले आणि कॅल्शियम काढून कापण्याजोगा मऊ करायला फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये ठेवलेला हाडाचा एक तुकडा तसाच राहिला. आठवलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी, बोटं मांज्याने कापलेली असताना.

तुकडा दांडिया बाजारातल्या एका मल्लखांब खेळणाऱ्या मुलाचा. वय 21. उडी चुकली, गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे मांडी आणि नडगीच्या हाडांना जोडणारं लिगामेंट, तुटलं; ऑपरेशन व्हायला चार महिने गेले. नव्या लिगामेंटसाठी नडगीच्या हाडात बोगदा पाडताना पोकळ ड्रिलमधून पेरभर दंडगोल निघतो. आमच्या ऑर्थोच्या सरांनी तो फेकला नाही. वरच्या टोकाला जुन्या एसीएलचं मूळ होतं. "तिथे काय उरलंय बघ," एवढंच म्हणाले.

लिगामेंट हाडाला नुसतं चिकटलेलं नसतं. आधी लिगामेंट, मग मऊ तंतुकूर्चा, मग कॅल्शियम भरलेली कूर्चा, मग हाड. ओढ एकदम हाडावर येऊ नये म्हणून ही उतरंड. कूर्चेच्या पेशी तंतूंमध्ये ओळीने बसतात, शेंगेतल्या दाण्यांसारख्या.

स्लाइड बघून टेक्निशियनभाई म्हणाले, "बेन, आमां तो न्यूक्लियस ज नथी." खरंच, केंद्रक कुठेच नाही, कूर्चेच्या पेशींची सगळी घरटी रिकामी. क्षणभर हरखले, पण मग खालच्या हाडाकडे पाहिलं. हाडाच्या पेशीही तशाच फिक्या. अ‍ॅसिड जास्त झालं की केंद्रक रंगच धरत नाही. मेलेली पेशी आणि माझा हलगर्जीपणा दोन्ही सारखेच दिसतात. सरांना फोन केला. ते हसले: "म्हणजे दोष कुणाचा, अ‍ॅसिडचा की गुडघ्याचा?"

नशीब, दंडगोल उभा चिरून अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये राखला होता. या वेळी अ‍ॅसिडऐवजी ईडीटीए, हळूहळू कॅल्शियम काढणारं रसायन. फार संथ काम, पण पेशींना सांभाळून घेतं. सोबत तुलनेसाठी त्याच डब्यात अडुसष्ट वर्षांच्या एका आजींच्या गुडघा-बदलातला तुकडा टाकला. त्यांचं एसीएल शाबूत होतं. रोज द्रावण बदललं. तीन आठवड्यांनी सुई टोचून पाहिली, आरपार गेली.

हाडातली केंद्रकं या वेळी निळीशार होती, मुलाची आणि आजींचीही. आजींच्या कूर्चेत दाणे जागेवर होते. मुलाच्या कूर्चेत मात्र शेंगा पोकळ. जे उरले होते त्यांची केंद्रकं आक्रसून काळपट, काहींचे तुकडे झालेले. आजूबाजूला सूज नाही, पांढऱ्या पेशींची गर्दी नाही. पेशी गुपचूप स्वतःला संपवते ती अशीच. निरोगी कूर्चेला चढणारा टोल्युइडिन ब्लूचा जांभळा रंगही तिथे विटलेला. सशांचं एसीएल कापून केलेल्या प्रयोगांत ही पडझड पहिल्या काही दिवसांतच सुरू झालेली दिसली आहे. ओढ गेली की हे मूळ टिकत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाचं आजींपेक्षा वाईट असेल, हे मात्र मला वाटलं नव्हतं. अर्थात एकेका स्लाइडवरून सिद्धांत मांडायची माझी हिंमत नाही. रिपोर्टमध्ये दिसलं तेवढंच लिहिलं.

रिपोर्ट न्यायला मुलगा स्वतः आला, गुडघ्याला ब्रेस, हातात काठी. "काकू, माझं हाड कसं आहे?"

"हाड एकदम छान आहे रे," मी म्हटलं. त्याने विचारलं होतं तेवढंच.